जखमेला कुठलं पाणी लागलं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात होतो. मे महिन्यातली रात्र, साडेअकराचा सुमार. पन्नाशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला त्याच्या मुलाने आणि पुतण्याने अक्षरशः उचलून आणलं. अंगात १०३ ताप होता. उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल आणि सुजलेला. पायाला बोट लावलं तरी तो कळवळायचा. मधुमेह होता, रोज संध्याकाळी थोडी घ्यायची सवयही होती. पायाच्या त्वचेखाली संसर्ग पसरण्याचा हा प्रकार आम्ही आठवड्यातून दोन-तीनदा पाहतो. त्यासाठी नेहमी जे अँटिबायोटिक देतो, तेच मी सुरू केलं आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळलो.

सकाळी साडेआठला राउंडला गेलो, तेव्हा पायाचा रंग बदललेला होता. लालीच्या जागी जांभळट डाग होते. त्यावर काळसर पाण्याने भरलेले फोड आले होते आणि सूज गुडघ्याच्या वर गेली होती. रक्तदाब उतरला होता. उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोला मी विचारलं, "पायाला कुठं लागलं होतं का हो?"

"लागलं होतं न साहेब. आम्ही कोकणात फिराले गेलतो. समुद्रात खडकावरून पाय घसरला यांचा. पण बारकंच होतं ते. म्हणून सांगितलं नाही कोणाले."

आणि आम्ही विचारलंही नव्हतं. त्या एका वाक्याने सगळं उपचारच बदललं. औषधं बदलली, सर्जनला बोलावलं, दुपारपर्यंत रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर होता. जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तीन दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यात नाव होतं व्हिब्रिओ व्हल्निफिकस. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण रात्री साडेअकरा ते सकाळी साडेआठ हे नऊ तास मात्र खरे आहेत. तो प्रश्न रात्रीच विचारला असता तर पाय वाचलाच असता, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण या आजारात नऊ तास म्हणजे फार मोठा काळ असतो, एवढं नक्की.

पटकीच्या जंतूचा भाऊबंद

पटकी, म्हणजे कॉलरा, आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगलीच ठाऊक आहे. गावंच्या गावं ओस पाडणाऱ्या त्या रोगाच्या जंतूचं पूर्ण नाव व्हिब्रिओ कॉलरी. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात त्यावर काम करून तोच पटकीला कारणीभूत असल्याचं मांडलं. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्याच कुळातला. व्हल्निफिकस या लॅटिन शब्दाचा अर्थच 'जखम करणारा'. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांच्या लक्षात आलं की, समुद्राच्या पाण्याशी संबंध आलेल्या काही रुग्णांमध्ये एक वेगळाच व्हिब्रिओ सापडतोय. तेव्हापासून त्याची स्वतंत्र ओळख झाली.

हा जंतू घाणीतून येत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. गटाराचं पाणी मिसळलेलं नसलं तरी तो समुद्रात असतोच. त्याला कोमट आणि मध्यम खारं पाणी मानवतं. त्यामुळे नदी समुद्राला मिळते त्या खाड्या, खाजण, मुखं ही त्याची आवडती जागा. मासे, खेकडे, कालवं यांच्या अंगावर आणि पोटातही तो राहतो. पाणी थंड असलं की तो दबून असतो, उबदार झालं की वाढतो. आपला कोकण किनारा तर वर्षभर उबदारच असतो.

शरीरात शिरण्याच्या त्याच्या वाटा दोन. एक पोटातून, कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं खाल्ल्याने. आपल्याकडे कालवं शिजवूनच खातात आणि नीट शिजवल्यावर हा जंतू मरतो, त्यामुळे ही वाट आपल्यासाठी तितकी मोठी नाही. दुसरी वाट जखमेची. खडकावरचं खरचटणं, शिंपल्याने कापलेलं बोट, मासा साफ करताना टोचलेला काटा, किंवा घरून निघतानाच पायाला असलेली भेग. एवढं दार त्याला पुरतं. साधारण बारा तासांपासून तीन दिवसांच्या आत लक्षणं दिसू लागतात. बऱ्याचदा पहिल्या चोवीस तासांतच.

याला 'मांस खाणारा जीवाणू' म्हणतात आणि त्या नावाने मोबाइलवर भीतीदायक संदेश फिरतात. प्रत्यक्षात तो मांस खात नाही. तो अशी रसायनं सोडतो की, त्वचेखालची चरबी आणि स्नायूंवरची आवरणं विरघळू लागतात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तिथला भाग मरतो. मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, म्हणजे रक्तातून दिलेलं औषधही पोहोचत नाही. म्हणूनच या आजारात औषधाइतकीच शस्त्रक्रिया महत्त्वाची ठरते. आणि हो, तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाजवळ बसायला घाबरण्याचं कारण नाही.

लोह आणि लिव्हर

एकाच समुद्रात हजार माणसं उतरतात. त्यातल्या कित्येकांना खरचटतं. मग एखाद्यालाच का होतं?

याचं बरंचसं उत्तर लोहात आहे. या जंतूला वाढायला लोह लागतं आणि निरोगी शरीर आपलं लोह प्रथिनांमध्ये बांधून, जंतूंपासून लपवून ठेवतं. लिव्हर खराब झालं की ही व्यवस्था ढासळते. रक्तात मोकळं लोह वाढतं आणि जंतूला आयतं खाद्य मिळतं. त्यामुळे दारूने किंवा काविळीच्या जुन्या विषाणूने, म्हणजे हिपॅटायटिस बी किंवा सीने, लिव्हर निकामी होत चाललेल्या माणसाला सर्वांत जास्त धोका. त्याखालोखाल मधुमेह, किडनीचे जुने आजार, कर्करोगाची औषधं किंवा स्टेरॉइड घेणारे.

आपल्या विदर्भापुरती आणखी एक गोष्ट सांगायला हवी. थॅलेसेमियाच्या आणि सिकलसेलच्या काही रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं. त्या प्रत्येक बाटलीबरोबर शरीरात लोह जातं आणि वर्षानुवर्षं साठत राहतं. अशा मुलांना आणि तरुणांना समुद्राच्या पाण्यातली जखम अधिक जपायला हवी. पण याचा अर्थ अशक्तपणासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या, असा कोणी घेऊ नये. त्या गोळ्यांचा इथे संबंध नाही.

निरोगी माणसात हा आजार विरळाच. पण ज्याला होतो त्याच्यासाठी तो जीवघेणा असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार साधारण पाच रुग्णांतला एक दगावतो, काही जण तर आजार सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांतच.

आपल्याकडच्या नोंदी

हा परदेशातला आजार आहे, आपल्याकडे कुठला, असं समजण्याचं कारण नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी १९८९ मध्येच या जंतूमुळे रक्तात पसरलेल्या संसर्गाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. कोकणाच्या दक्षिणेला असलेल्या मंगळूरमध्ये संशोधकांनी जखमांच्या नमुन्यांची पीसीआर तपासणी केली आणि त्यात हा जंतू असल्याचा पुरावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. नोंदी थोड्या आहेत, पण त्याचा अर्थ रुग्णही थोडेच आहेत असा होत नाही. जखमेचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच नाही, किंवा अँटिबायोटिक दिल्यानंतर गेला, तर नोंद होणार कशी?

मोठ्या आपत्तीनंतर तर हे जंतू हमखास डोकं वर काढतात. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं. त्यानंतर व्हिब्रिओच्या २२ रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या १८ जणांना तो जखमेतून झाला होता आणि एकूण पाच जण दगावले. माणसं पुराच्या खाऱ्या पाण्यातून जखमी पायांनी चालत गेली होती.

समुद्र तापतोय तसा या जंतूचा मुलूखही वाढतोय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८८ ते २०१८ या तीस वर्षांत त्याच्या जखमांचे वार्षिक रुग्ण सुमारे दहावरून ऐंशीवर गेले आणि त्याची उत्तरेकडची सीमा दरवर्षी साधारण ४८ किलोमीटरने सरकली, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

आपल्या यवतमाळात कुठला समुद्र?

आपला जिल्हा अरबी समुद्रापासून आणि बंगालच्या उपसागरापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. मग हे सगळं इथल्या वाचकाने कशाला वाचायचं?

पहिलं कारण, माणसं आता फिरतात. सुट्टीत गणपतीपुळे, अलिबाग, गोवा, जगन्नाथपुरी अशा सहली निघतात. समुद्रात भिजून माणूस रात्रीच्या गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी वणीला किंवा पुसदला उतरतो. आजार सुरू होतो तो घरी आल्यावर. इथल्या डॉक्टरच्या डोक्यात समुद्र नसतो आणि रुग्णाला तो सांगण्यासारखा वाटत नाही.

दुसरं कारण अधिक मोठं आहे. व्हिब्रिओचे सोबती आपल्या गोड्या पाण्यातही आहेत. त्यातला मुख्य म्हणजे एरोमोनास. नदी, नाला, तलाव, शेततळं, सगळीकडे तो असतो. जळवांच्या पोटात तो कायमचा मुक्कामी असतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर रक्त शोषून घ्यायला जळवा लावताना डॉक्टर आधीच त्यावरचं औषध सुरू करतात. जखमेत शिरला तर तोही व्हिब्रिओसारखाच झपाट्याने पसरू शकतो आणि पेनिसिलिन गटातल्या बऱ्याच साध्या औषधांना दाद देत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या दक्षिण भागातून बँकॉकला हलवलेल्या ७७७ रुग्णांपैकी ५१५ जणांच्या जखमांमध्ये संसर्ग झालेला होता. लाट समुद्राची होती, पण त्या जखमांत सर्वाधिक सापडला तो एरोमोनास. चिखल, गोडं पाणी, सांडपाणी सगळं त्या लाटेने एकत्र केलं होतं.

पैनगंगेच्या आणि वर्धेच्या काठच्या गावांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. अशा वेळी जीव वाचवायच्या धडपडीत तारेने, पत्र्याने, काचेने काय कापलं याकडे कोणाचं लक्ष असतं? पूर ओसरल्यावर लोक घरातला गाळ अनवाणी पायांनी उपसतात. आणि पूर नसला तरी पावसाळाभर वावरात चिखल असतोच. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, टाचांना भेगा असतात. ही सगळी जंतूंसाठी उघडी दारंच.

चिखलातले आणखी तीन जण सांगून ठेवतो. मेलिऑइडोसिस या आजाराचा जंतू ओल्या मातीत असतो. भारतातली त्याची पहिली नोंद १९९१ मध्ये मुंबईतल्या एका मुलाची झाली. आता कर्नाटकच्या किनारपट्टीवर तो नेहमी सापडतो आणि पावसाळ्यात, मधुमेही माणसांत विशेष दिसतो. जखम झाल्यावर एक दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही ताप येतो. कधी फुप्फुसात, कधी लिव्हरमध्ये गळू होतं. क्षयरोग समजून उपचार होण्याचा धोका असतो, कारण दोन्ही दिसायला सारखे. त्याचे खरे उपचार मात्र वेगळे आणि काही महिने चालणारे.

दुसरा लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या तापाचे रुग्ण वाढले. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतला हा जंतू साचलेल्या पाण्यातून, खरचटलेल्या त्वचेतून आत जातो. जखम साधी भरून येते, पण आठ-दहा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे आणि कधी कावीळ.

तिसरा अगदी सावकाश चालणारा. मासे हाताळणाऱ्यांच्या हातावर काटा टोचल्यानंतर काही आठवड्यांनी गाठ येते आणि ती महिनोन्महिने बरी होत नाही. क्षयरोगाच्या जंतूच्या नात्यातला एक जंतू त्यामागे असू शकतो. धरणात, तलावात मासेमारी करणाऱ्या आपल्या बांधवांनी अशी गाठ अंगावर काढू नये.

डॉक्टरला पाणी का कळायला हवं?

पायाच्या साध्या संसर्गात दोन जातींचे जंतू प्रामुख्याने असतात. त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस. आम्ही पहिलं औषध देतो ते त्यांना डोळ्यासमोर ठेवून. दहापैकी नऊ वेळा ते बरोबर ठरतं. पण पाण्यातल्या जंतूंना ते पुरेसं पडत नाही. समुद्राचं पाणी कळलं तर औषधांची जोडी वेगळी, नदी-नाल्याचं कळलं तर वेगळी, चिखलानंतर लांबलेल्या तापाची आणखी वेगळी. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोपर्यंत थांबता येत नाही. म्हणजे पहिल्या तासात योग्य औषध निवडायला डॉक्टरच्या हातात एकच चाचणी असते, ती म्हणजे रुग्णाचं बोलणं. या चाचणीला पैसे लागत नाहीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. सुजलेला पाय दिसला की मधुमेह विचारतो, तसंच पाणीही विचारावं. आणि शक्य तिथे अँटिबायोटिकची पहिली मात्रा देण्याआधी जखमेचा आणि रक्ताचा नमुना घ्यावा. मात्र त्यासाठी औषधाला उशीर होऊ देऊ नये.

जखम झाली तर

पाण्यात किंवा चिखलात जखम झाली की ताबडतोब बाहेर या. पिण्यायोग्य स्वच्छ पाणी आणि साबण घेऊन पाच-दहा मिनिटं भरपूर धुवा. समुद्राचं पाणी खारं असतं, त्याने जखम शुद्ध होते, हा गैरसमज मनातून काढून टाका. त्याच खाऱ्या पाण्यात हा जंतू सुखाने राहतो. आत काटा, शिंपला, काच राहिली असेल तर घरी कोरत बसू नका. जखमेवर माती, तंबाखू, राख, जळकं ऑइल लावू नका. बिब्बा तर मुळीच नको. त्याने फोड येतात आणि खरे फोड कुठले हे ओळखणं आम्हाला कठीण जातं. स्वच्छ कोरडी पट्टी बांधा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारून घ्या. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

मग लक्ष ठेवा. एक सोपी युक्ती सांगतो. जखमेभोवतीची लाली जिथे संपते, तिथे साध्या बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. दोन-तीन तासांत लाली रेघेच्या बाहेर गेली तर सकाळची वाट पाहू नका.

जखम छोटी पण वेदना तिच्या मानाने फार मोठी, हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत आधी दिसणारं लक्षण. त्यानंतर झपाट्याने चढणारी सूज, थंडी वाजून ताप, त्वचेवर जांभळे डाग, काळसर पाण्याचे फोड. दुखणारा भाग अचानक बधिर झाला तर बरं वाटायला लागलं असं समजू नका. तिथल्या नसा मरत असतात. गरगरणं, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं म्हणजे विष रक्तात पसरल्याच्या खुणा. अशा वेळी जवळच्या डॉक्टरकडे एक सुई घेऊन परत येण्यापेक्षा १०८ ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. लिव्हरचा आजार, मधुमेह किंवा वारंवार रक्त घ्यावं लागणारा आजार असेल, तर लक्षणांची वाट न पाहता पाण्यातली जखम त्याच दिवशी दाखवा.

समुद्रात जाऊच नका, असं मी म्हणत नाही. माझ्या घरचेही जातात. फक्त अंगावर उघडी जखम असेल, ताजं ऑपरेशन झालं असेल किंवा नुकतंच गोंदवून घेतलं असेल, तर त्या खेपेला किनाऱ्यावर बसून लाटा पाहाव्यात. खडकांवर चपला घालाव्यात. वावरात शक्य तेव्हा गमबूट, निदान भेगांना आणि चिखल्यांना वेळेवर औषध. मासे साफ करताना हातमोजे.

आणि कधी दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर डॉक्टरने विचारो न विचारो, पहिल्या वाक्यातच सांगा. "साहेब, परवा समुद्रात लागलं होतं." "पुराच्या पाण्यातून आलो, तेव्हा पत्रा लागला." "शेततळ्यात उतरलो होतो." जखम बारकी आहे म्हणून गप्प राहू नका. त्या शेतकऱ्याच्या बायकोने सकाळी जे सांगितलं, ते रात्री मी विचारायला हवं होतं. मी तेव्हापासून विचारतो. तुम्ही सांगत जा.